पॉलिनच्या गालातला पांढरा डाग

मी आरसा बोलतोय. गिरीज गावातल्या एका वाडीत, स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी माझा खिळा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात ॲन्सेल्मनं मला माणिकपूरहून आणलं, बायकोसाठी, पॉलिनसाठी.

माणसं आरशात केस बघतात, दात बघतात. गालाच्या आत कुणी बघत नाही. पॉलिन माझ्यासमोर उभी राहून मशेरी लावायची. तव्यावर करपवलेली तंबाखू बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची. आधी सकाळी दात घासण्यापुरती; मग जेवल्यावर, मग केळीला पाणी देऊन आली की.

एकोणऐंशी साली तिच्या गालात मला पांढरा डाग दिसला. दुखत नव्हता, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मी सांगणार कसा? मला तोंड कुठे आहे!

मे महिन्यात नणंद बेला आली. ती मुंबईत नर्स. पॉलिनला आमटीचा घास झोंबतो हे पाहून तिनं तिला दारातल्या उजेडात आणलं.

"वहिनी, आ कर. हे कधीपासून?"

"तिखट लागतं गं नुसतं."

"मशेरी आजच सोड. तंबाखूनं कॅन्सर होतो. आणि उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल. आत्ता लहान आहे तोवर इलाज आहे."

ॲन्सेल्म म्हणाला, "केळी उतरू देत, मग मीच नेतो."

केळी उतरली. मग पाऊस, मग भातकापणी, मग नाताळ. डागाची जखम झाली, तोंड धड उघडेना. तरी मशेरीचं बोट कसंबसं आत जायचंच.

शेवटी इस्पितळात नेलं, तर ऑपरेशनात अर्धा जबडा गेला. ॲन्सेल्म भिंतीवर डोकं आपटत रडला, "माझ्या केळ्यांनी खाल्लं गं तुला!"

पॉलिननं मला काच भिंतीकडे करून टांगलं. पण एक दिवस तिनंच मला उतरवलं आणि शेजारच्या लुईझाच्या ओट्यावर नेलं. तिथं बायका भाजीच्या जुड्या बांधत होत्या, मशेरीची डबी फिरत होती. पॉलिननं तोंडावरचा पदर काढला. बायकांनी माना फिरवल्या. बोलायला गेली तर नुसता घोगरा आवाज. मग तिनं लुईझाची हनुवटी धरून मला समोर केलं.

"सोड गं, लाज वाटते!"

पॉलिन रडत होती, पण सोडेना. शेवटी लुईझानं तोंड उघडलं. ओठाच्या आत पांढरं, एवढंसं.

"दुखत नाही गं," लुईझा पुटपुटली.

पॉलिननं तिचा हात घट्ट धरला आणि तशीच इस्पितळात जायला स्टेशनची वाट धरली. मी ओट्यावरच राहिलो. उरलेल्या बायका डबीकडे बघत बसल्या.

बायांनो, बघत काय बसलात? उचला मला. उजेडाला धरा.