आईची भाषा शेजारणीला

राहेरा ऑकलंडला गेली ती लेकीच्या बाळंतपणासाठी. टोकोरोआ गावाहून निघताना तिनं आईच्या गोळ्या लावून दिल्या, रश्श्याचे डबे फ्रीजरमध्ये रचले आणि शेजारच्या तेपाएरुला सांगून ठेवलं, "आठवडाभर नुसती डोकावत जा. आई कुणाशी फारसं बोलत नाही. मनावर घेऊ नकोस."

त्याच आठवड्यात देश बंद झाला. पुढे बाकीचा देश हळूहळू उघडला, पण ऑकलंडच्या वेशीवर पोलीस उभेच राहिले. त्यात जावई लाफाएले गोदामातून कोविड घेऊन आला आणि नव्या बाळासकट अख्खं घर एकेक करून आडवं झालं. राहेरा बरी झाली तोवर घरी जायची परवानगी दोनदा नाकारली गेली होती.

टोकोरोआत आई, एरेनोरा, सत्त्याऐंशी वर्षांची. घरात एकटी. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही असा नियम निघाला तेव्हा तेपाएरुनं कुणाला विचारलं नाही. स्वतःची उशी आणि शिवणयंत्र उचललं, घराला कुलूप घातलं आणि एरेनोराच्या मागच्या खोलीत राहायला आली. नवरा गेल्यापासून तीही एकटीच होती. ती पॅसिफिकमधल्या कुक बेटांवरची. तरुणपणी इथल्या कागद गिरणीत कामाला लागलेल्या नवऱ्याबरोबर इथं आली होती.

पहिले काही दिवस राहेरा तिचे आभार मानताना रडायची.

मग एकदा व्हिडिओवर आई दिसली ती लाल-पिवळ्या फुलांच्या झग्यात. एरेनोरानं नवरा गेल्यापासून काळ्या आणि तपकिरी रंगाशिवाय काही घातलं नव्हतं. राहेरानं एकदा निळा स्वेटर आणला, तर तो तिनं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला होता.

"हे काय घातलंयस?" राहेरानं विचारलं.

"झगा," आई म्हणाली.

"तो दिसतोय. कुणाचा?"

"माझा. हिनं शिवला." आईनं मागे मान वळवली आणि तेपाएरुला काहीतरी म्हणाली. भरभर, सलग. तेपाएरुनं उत्तर दिलं आणि दोघी हसल्या.

राहेराच्या हातातला फोन किंचित खाली आला. आई माओरीत बोलली होती, त्यांच्या स्वतःच्या भाषेत.

आता हे एरवी कुणाला विशेष वाटलं नसतं. पण राहेरा साठीची झाली तरी आईच्या तोंडून तिनं माओरी ऐकली होती ती फक्त मयताला, तीही इतर म्हाताऱ्यांशी हळू आवाजात बोलताना. घरात इंग्रजीच. एरेनोरा लहान असताना शाळेत तोंडून आपला शब्द निघाला की मास्तर हातावर चामडी पट्टा ओढत. एवढंच तिनं एकदा सांगितलं होतं, भांडी घासता घासता. चाळिशीत राहेरानं शिकवायची विनवणी केली, तेव्हा आई म्हणाली, "त्यानं पोट भरत नाही." राहेरा मग हट्टानं एका शिकवणीला जायला लागली. एक वाक्य पाठ करून तिनं घरी येऊन आईला म्हणून दाखवलं. आईनं रेडिओचा आवाज वाढवला. राहेरानं शिकवणी सोडली.

आणि आता ही बाई उशी घेऊन येते काय, आणि आई तिच्याशी गप्पा मारते काय.

"तुला कळतं ती काय म्हणते ते?" राहेरानं तेपाएरुला विचारलं.

"निम्म्याहून जास्त," तेपाएरु म्हणाली. "आमची भाषा तुमच्या भाषेची मावसबहीणच ना. तुमचं घर 'फारे', आमचं 'आरे'. मी आपली घरात एकटी असल्यासारखी माझ्या भाषेत पुटपुटत होते, तर ही पलंगावरून मला सुधारते. म्हणे चुकीचं बोलतेस. मी म्हटलं, चुकीचं नाही, बरोबर बोलते, तूच 'फ'चे फुसके सोडतेस. झालं. तेव्हापासून भांडतोय आम्ही."

आई मागून हसत होती. राहेराला आईचा पुढचा तुटका दातही दिसला.

"बरं झालं," राहेरा म्हणाली आणि बाळ उठल्याचं सांगून तिनं फोन ठेवला. बाळ झोपलेलं होतं.

त्यानंतर फोन लावला की ती आधी आईच्या अंगावर काय आहे ते बघायची, मग ताटात काय आहे ते. आई तेपाएरुच्या हातचं बीट घातलेलं बटाट्याचं गुलाबी सॅलड मिटक्या मारत खायची. अकरा वर्षं राहेरा तिला भरवत होती. प्रत्येक घासाला "मीठ नाही" हे ऐकत होती. राहेरा म्हणायची, "तिला गोड फार देऊ नकोस," "पाय झाकलेत का," "खिडकी कशाला उघडी." तेपाएरु सगळ्याला "हो हो" म्हणायची, आणि त्या "हो हो"नं राहेराचं अंग अंग जळायचं.

लेक अवातेआच्या ध्यानात यायचं. आजीला ती नॅनी म्हणायची. ती बाळाला पाजता पाजता म्हणाली, "आई, नॅनी बरी दिसतेय. तुला आनंद व्हायला हवा."

"झालाय ना," राहेरा म्हणाली.

"तुझं तोंड सांगत नाही तसं."

मग वर्गाचं निघालं. होहेपा म्हणजे राहेराचा मामा, एरेनोराचा धाकटा भाऊ. गावच्या माराएवर, जिथं लग्नं-मयतं-सभा सगळं व्हायचं, तिथं त्यानं स्वयंपाकघर सुरू ठेवलं होतं आणि घरोघर जेवणाचे डबे पोचवत होता. शाळा बंद, पोरं घरात कंटाळून एकमेकांचे केस उपटताहेत, हे तो दारोदार बघत होता. तेपाएरुनं त्याला सुचवलं आणि सकाळच्या वेळी टॅब्लेटवर वर्ग भरायला लागला. माराएची पोरं आणि तेपाएरुच्या चर्चची बेटांवरची पोरं, सगळी एकत्र. शिकवायला नॅनी नोरा, म्हणजे एरेनोरा.

राहेराला कुणी सांगितलं नाही. अवातेआच्या फोनवर कुणीतरी चित्रफीत पाठवली, ती तिनं कौतुकानं राहेरापुढे धरली. आई फुलांच्या झग्यात, डोक्यावर कापडी फुलांचा गजरा, पाठीशी उशी. हातात एक बटाटा. बटाट्याला काय म्हणतात, तो रडला तर काय म्हणायचं, तो आजीवर रुसला तर काय म्हणायचं, असं एकेक वाक्य ती पोरांकडून म्हणवून घेत होती. पोरं खिदळत होती. एक पोर चुकलं तर आई म्हणाली, "पुन्हा. घाई नाही. मी कुठे जात नाहीये."

राहेरा स्नानघरात गेली, नळ सोडला आणि टबच्या काठावर बसून राहिली. साठ वर्षं ती त्या बाईच्या पोटची पोर होती. तिला कुणी बटाटा दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं होहेपामामाला फोन लावला. "मामा, तो वर्ग बंद कर. डॉक्टरांनी आईला दगदग नको म्हणून सांगितलंय. तिला दम लागतो."

"मला तर बरी वाटली."

"तुला लांबून वाटणारच. मला डॉक्टर बोललेत."

"तू लेक आहेस," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर थांबवतो."

डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर राहेरानं सगळ्यांसाठी वॉटरक्रेसची पालेभाजी घालून डुकराच्या हाडांचा रस्सा केला आणि स्वतः दोन वाट्या प्यायली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

आईला सांगण्यात आलं की इंटरनेटमध्ये बिघाड आहे. पुढच्या फोनला आई झग्यातच होती, पण केस विंचरलेले नव्हते. त्याच्या पुढच्या फोनला तपकिरी स्वेटर अंगात होता. मग ती फोनवर यायची थांबली. झोपलीय, असं तेपाएरु सांगायची. भिंतीकडे तोंड करून पडलेली पाठ एकदा राहेराला दिसली. आईची ही पाठ तिच्या ओळखीची होती. इतकी वर्षं घरी तिनं हीच बघितली होती. आपल्याला आधी क्षणभर बरं वाटलं, हे राहेराला समजलं, आणि मग मात्र तिला पुढे बघवेना, तिनं फोन उपडा ठेवला.

संध्याकाळी तेपाएरुचाच फोन आला. या वेळी व्हिडिओ नव्हता.

"डॉक्टर कधी आले गं?" तिनं विचारलं. "मी तर इथंच असते. एखादे वेळी परसात गेले असेन, तेवढ्यात येऊन गेले असतील."

राहेरानं फोन घेऊन स्नानघरात जाऊन दार लावलं.

"ती जेवत नाही. परवापासून चहावर आहे. मी तिला काय सांगू, बिघाड कधी निघणार?"

"तू कोण मला विचारणारी?" राहेराचा आवाज चढला. "तू माझ्या आईच्या घरात राहतेस, तुझे कपडे तिला घालतेस, तुझं जेवण भरवतेस. आता तिची भाषासुद्धा घेतलीस. मला एक शब्द दिला नाही तिनं. एक शब्द. आणि तुला, पोराटोरांना, सगळ्या गावाला वाटतेय."

पलीकडे शिवणयंत्राची घरघर थांबली.

"माझी आई तिकडे आयतुताकी बेटावर आहे," तेपाएरु म्हणाली. "विमानं बंद आहेत. तिथं माझी चुलतभावजय तिची वेणी घालते. मला फोटो पाठवते. मी त्या फोटोकडे बघते आणि त्या बाईचे केस धरून फरपटत न्यावं असं मला वाटतं. मग तिच्यासाठी प्रार्थना करते, कारण तिचा हात थांबला तर माझ्या आईचे केस तसेच राहतील. तू मला शिव्या दे. मी ऐकेन. पण तिचा वर्ग चालू कर."

राहेरानं फोन ठेवला. जेवणं झाल्यावर तिनं मामाला फोन लावला आणि म्हणाली, "मामा, डॉक्टर काही बोलले नव्हते."

"माहीत होतं."

"मग थांबवलंस कशाला?"

"लेकीचा शब्द मोडून बहिणीच्या घरात कारभार करायचा होय मी? तू परत फोन करशील असं वाटलं होतं. उशीर केलास."

वर्ग पुन्हा भरला. त्या सकाळी राहेरा लेकीच्या नावानं आत शिरली, कॅमेरा बंद ठेवून. पोरांचे हसरे चेहरे आणि मध्ये तिची एक काळी चौकट. आई वाळली होती, आवाज बारीक झाला होता, पण बटाट्याच्या जागी आज टॉवेल होता आणि तो ओला झाल्यामुळे रडत होता. राहेरा ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणत राहिली. ती रोज यायला लागली. अवातेआ बाळाला घेऊन शेजारी बसायची, तीही म्हणायची.

एके दिवशी आई म्हणाली, "ती काळी खिडकी कुणाची? रोज येते आणि मुकी बसते. तुझं नाव सांग, तुझा डोंगर कुठला, तुझी नदी कुठली, सांग."

माओरी माणूस आपली ओळख अशीच सांगतो, आणि राहेराला ते येत होतं. त्या सोडलेल्या शिकवणीत तेवढंच पक्कं झालं होतं. तिनं आवाज सुरू केला आणि डोंगराचं नाव घेतलं, नदीचं घेतलं. शेवटी आईचं नाव घेतलं.

आईनं स्क्रीनकडे वाकून पाहिलं.

"उच्चार वाईट आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"तू नाही शिकवलंस."

मागे तेपाएरुनं पोरांना सांगितलं की नॅनीला पाच मिनिटं सुट्टी द्या, आणि एकेक चेहरा मावळला. दोघीच राहिल्या.

"मला का नाही, आई?" राहेरानं कॅमेरा सुरू केला. "हिच्याशी त्या भाषेत बोलतेस. त्या पोरांना शिकवतेस. मला का नाही?"

एरेनोरानं गजरा काढून मांडीवर ठेवला. "ती पोरं दुसऱ्यांची आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या हातावर पट्टा पडला असता तर मला लांबून बघता आलं असतं. तुझ्या हातावरचा बघवला नसता."

"आता पट्टे कुठे राहिले?"

"ते मला कळायला वेळ लागला. तोवर तू मोठी झालीस. मोठ्या माणसाला मी काय बटाटा दाखवायचा?" तिनं नाक पुसलं. "आणि ते वाक्य म्हटलंस ना तेव्हा, स्वयंपाकघरात. इतकं चुकीचं होतं की मला लाज वाटली. तुझी नव्हे, माझी."

राहेराला रागही आला आणि रडूही. "मग दाखव ना बटाटा," ती म्हणाली.

"उद्या ये. कॅमेरा लावून. आणि ओठांतल्या ओठांत नको, मोठ्यानं."

डिसेंबरात वेस उघडली. राहेरा पहिल्याच दिवशी बसनं निघाली. पाईनच्या रानातून बस कागद गिरणीच्या वासात शिरली तेव्हा तिनं खिडकीला डोकं टेकवलं. घरी व्हरांड्यात दोघी बसल्या होत्या, एकाच रजईच्या दोन टोकांना टाके घालत. तेपाएरुनं उठून तिला मिठी मारली, घट्ट. राहेरानंही मारली. माओरी रीतीप्रमाणे आईच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून ती बराच वेळ तशीच राहिली.

मग ती पायरीवर बसली, कारण खुर्च्या दोनच होत्या. आई तेपाएरुकडे बघून काहीतरी म्हणाली, भरभर, आणि दोघी हसल्या. राहेराला त्यातलं फक्त 'जेवण' कळलं. तिच्या छातीत तेच जुनं काहीतरी पुन्हा भाजलं.

"काय म्हणतेय माहितेय," तेपाएरु सांगायला लागली.

"तू नको सांगूस," राहेरा म्हणाली. "आई, पुन्हा म्हण. हळू."

एरेनोरानं सुई थांबवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द वेगळा करून. राहेराला निम्मं कळलं: ऑकलंडला जाऊन कुणीतरी लठ्ठ झालं होतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तेपाएरुनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि चहा टाकायला आत निघून गेली. राहेरा तिच्या खुर्चीत जाऊन बसली. तेपाएरु आत गेली याचं तिला बरं वाटलं, आणि ती लवकर बाहेर येऊ नये असंही वाटलं.