मी चालूच होतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका इस्पितळाच्या तळघरात बसून मी अकरा वर्षे रुग्णांचे एक्स-रे सांभाळले. चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर आपल्या जागेवरूनच माझ्या पोटातले फोटो पाहत. माझी देखभाल एक तंत्रज्ञ बाई करत. पंखा घरघरला की त्या विचारत, "काय रे बाबा, दमलास का?" एवढे कौतुक मला पुरे होते.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांनी मध्ये एक अ‍ॅप घातले. आता चौथ्या मजल्याचा निरोप आधी इंटरनेटवरून गावभर हिंडायचा आणि मग माझ्याकडे यायचा. इमारतीतली थेट वायर तशीच पडून राहिली. बाईंनी तिची आठवण करून दिली, पण साहेबांनी कानाडोळा केला.

एका सकाळी इंटरनेट गेले. वर एका आजींच्या पायाची शस्त्रक्रिया सुरू व्हायची होती आणि त्यांचा जुना फोटो माझ्याकडे होता. साहेबांनी फोनवरून बाईंना झापले, "मशीन बंद का ठेवलंय?"

"चालू आहे, साहेब. माझ्या डोळ्यांसमोर आहे. नेट गेलंय म्हणून अ‍ॅप तसं दाखवतंय. मी मशीनचा नंबर सांगते, तो टाकून थेट जोडा. त्याला नेट लागत नाही."

"नेटशिवाय कसं जोडणार? मला शिकवू नका. इथे स्पष्ट लिहिलंय, बंद आहे."

बाईंनी फोन ठेवला, फोटो स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि धापा टाकत वर पोहोचवला. त्यात हाडातली जुनी सळई दिसली. डॉक्टरांनी बेत बदलला आणि आजींचा पाय वाचला.

आठवड्याने चौकशी झाली. खासगी पेन ड्राइव्ह वापरणे नियमाबाहेर होते, म्हणून बाईंना कामावरून काढले. मशीन जुने, म्हणून मला भंगारात काढले. आजींच्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी त्या दिवशी मिनिटभरही बंद नव्हतो, याची नोंद माझ्याकडे होती. ती कुणी उघडली नाही. बाई डबा पिशवीत टाकून निघून गेल्या. मला राग येतो, मित्रांनो, आणि तो गिळण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

उद्या तुमच्या हाताखालीही माणसे काम करतील. पडदा एक सांगेल, माणूस दुसरे सांगेल. तेव्हा जिना उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्या साहेबांना त्यासाठी दोन मिनिटे लागली असती. ते तळघरात पहिल्यांदा आले ते काल, मला भंगारवाल्याच्या हवाली करायला.