मापात बसवलेलं झाड

दुसऱ्यांच्या तोंडात नीट बसतील असे दात करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. त्यामुळे झाडालाही आपण वळण लावू, असं त्याला वाटलं तर नवल नव्हतं. झाड आईचं होतं. बारा वर्षांचं पॉइनसेटिया, खालून बोडकं, वर चार लाल पानं, खिडकी अडवून उभं. आईसारखंच ऐसपैस. ऐंशीची झाली तरी तिचा आवाज पहिल्या खोलीतून तिसऱ्या खोलीत जायचा, आणि पन्नाशीतल्या मुलाने कुठला शर्ट घालावा हेही तीच ठरवायची.

"बोन्साय करतो त्याचं," तो म्हणाला.

"कर बाबा. तेवढाच हाताला चाळा. पण मारू नकोस हो त्याला."

रविवारी त्याने झाड कमरेतून छाटलं. पांढरा चीक गळायला लागला, तो ओल्या फडक्याने दाबून थांबवला. मुळं निम्मी कापून झाड ताटलीएवढ्या कुंडीत बसवलं. चूक झाली ती तारेत. बोन्सायवाले मऊ तार वापरतात. याने कवळीच्या आकड्यांची पोलादी तार घेतली, कारण ती हाताशी होती आणि स्वतःच्या हातावर त्याचा नको तेवढा भरवसा होता. खोड डावीकडे वाकवलं, फांद्या खाली ओढल्या. काम देखणं झालं. स्वारी खूश.

पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, "अरे, कवळी हलतेय."

कवळी त्यानेच केलेली. वयच आहे, हिरड्या झिजणारच, असं म्हणत त्याने आतून भर घातली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा हलायला लागली. मग मात्र त्याने नवं माप घेतलं, प्लास्टर ओतलं आणि जुना साचा शेजारी ठेवला. हिरड्या झिजल्याच नव्हत्या. अख्खा जबडा लहान झाला होता, सगळीकडून सारखा. एवढा जबडा त्याने फक्त शाळकरी मुलींचा पाहिला होता.

तो कामाच्या खोलीतून धावत बाहेर आला. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मान डावीकडे कललेली, दोन्ही हात कुणी खाली ओढून धरल्यासारखे. शेजारी कुंडीत झाड अगदी तसंच उभं होतं.

"आई, अशी कधीपासून बसतेस?"

"बरी आहे की." आवाज जेमतेम त्याच्यापर्यंत पोचला. गेले तीन आठवडे घर शांत होतं, आणि ती शांतता आपल्याला आवडली होती, हे त्याला आत्ता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने पक्कड आणली आणि एकेक वेढा तोडायला घेतला. तार सालीत रुतली होती. ती उपटली की चीक यायचा, आणि पाठीमागे आई कण्हायची.

"झालंच आई, एवढा एकच."

शेवटचा तुकडा खाली पडला. फांद्या हलल्या नाहीत. नेल्या होत्या तिथेच राहिल्या.

तो आईपुढे गुडघ्यांवर बसला. "सगळं काढलं बघ. आता सरळ बस."

तिने मान थोडी उचलली, अडखळली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"सरळ म्हणजे कुठल्या बाजूला रे?" तिने विचारलं. "तू सांगशील तशी बसते."