पाठीवरचं पाऊल

कुलूपवाल्याच्या बायकोने पाठीवर टॅटू काढून घेतला, खांद्याच्या हाडाखाली. त्यांच्या मुलीच्या इवल्याशा पावलाचा ठसा. मुलगी पोटातच गेली होती. हॉस्पिटलमधल्या नर्सने तेवढा एक ठसा कागदावर घेऊन दिला होता.

"पाठीवर कशाला? तुला दिसणारसुद्धा नाही," तो म्हणाला होता.

"समोर असलं तर दिवसभर दुसरं काही बघणारच नाही मी."

त्याची आई फोनवर वैतागली. "आधीची जखम भरेना, त्यात ही नवी कशाला?" त्याने "असू दे गं" म्हणून विषय मिटवला. तो होताच तसा. मुलगी गेली तेव्हाही तोंडातून ब्र काढला नव्हता. चार दिवसांत दुकान उघडून किल्ल्या घासत बसला. माणूस धीराचा आहे, असं लोक म्हणाले.

टॅटू काढणारीने बजावून सांगितलं: कोमट पाण्याने हलकं धुवायचं, चोळायचं नाही, टिपून घ्यायचं, मलम अगदी पातळ लावायचं. खाज सुटली तरी नख लावायचं नाही, खपली आपोआप गळू द्यायची. आणि जखम भरेपर्यंत पोहणं बंद.

हे शेवटचं ऐकून बायकोचा चेहरा पडला. ती मुलांना पोहायला शिकवायची. गेले कित्येक महिने ती शिकवणी संपल्यावर एकटीच तलावात थांबायची आणि लाल डोळ्यांनी घरी यायची. "पाण्यातलं औषध झोंबतं," म्हणायची. त्यानेही ते मान्य करून टाकलं होतं. दोघांचीही सोय होती त्यात.

आता तलाव बंद. मग ती घरातच रडू लागली. भाजी चिरताना, चादर घालताना, कधी कधी नुसती खिडकीशी उभी राहून. तो पाणी आणून द्यायचा आणि काही तरी निमित्त काढून दुकानात जायचा.

पण पाठ धुवायला तर त्याला यावंच लागे. बायकोचा हात तिथवर पोचत नव्हता. बोटांच्या रेघांत बसलेली पितळेची धूळ तो ब्रशने घासून काढायचा आणि मग तिच्यामागे स्टुलावर बसायचा.

"नीट धुतलेस ना? नाहीतर माझ्या पाठीलाही कुलूप समजून कानस लावशील," ती एकदा म्हणाली. पुष्कळ दिवसांनी दोघं हसली.

एका सकाळी त्याने मऊ कापडाने पाठ टिपली, तर कापडावर काळे कण आले. पातळ, कागदासारखे. एका कणावर टाचेची गोलाई चक्क दिसत होती.

"जातंय ते," तो म्हणाला. "पुसलं गेलं माझ्या हातून."

"अरे, खपली आहे. वरची कातडी निघते, खालचं राहतं. सांगितलं होतं ना त्या टॅटूवालीने?"

त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. कापड मुठीत धरून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. बायको तशीच ओल्या पाठीने वळली. तिने त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं.

"पाय गार होते गं तिचे," तो म्हणाला. "तू गुंगीत होतीस. मी दोन्ही पाय हातात धरून बसलो होतो. वाटलं, ऊब येईल. नर्स दोनदा न्यायला आली, मी दिली नाही. किती चोळले, पण नाही आली ऊब."

बायकोने त्याच्या मुठीतलं कापड काढून घेतलं.

"तू घेतलं होतंस तिला?" तिने विचारलं. "मला वाटायचं, माझ्या लेकराला कुणी हातसुद्धा लावला नाही. तसंच नेलं."

"सांगायला तोंडच उघडेना माझं."

त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

जखम भरली, कातडी मऊ झाली. ठशातली करंगळी तेवढी फिकट राहिली होती. दोघं दाखवायला गेली, तेव्हा टॅटू काढणारीने बोट फिरवून पाहिलं. "एवढी भरून देते, पाच मिनिटांचं काम."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"करंगळी आत वळलेली होती तिची," तो म्हणाला. "जमिनीला टेकली नसती."

"मग राहू दे तशीच," बायको म्हणाली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने त्याचा हात धरला.

"केस होते का रे तिला?"

"होते. दाट. कानांवरसुद्धा लव होती."

"आणि नाक?"

"नाक तुझं."

ती मध्येच थांबली. मागून येणारे लोक वळसा घालून पुढे जात होते. "अजून सांग," ती म्हणाली. डोळे पुसायचं तिच्या लक्षातही आलं नाही.