रविवारपर्यंतची ऊब

"मावशी, हट्ट सोड. चुलीलगतची खोली रिकामी झालीय. आज सामान हलवलंस तर तुझी, नाहीतर उद्या त्या म्हाताऱ्या हुल्डाची," वाल्फ्रिड दारातूनच म्हणाला. तो गावच्या गरीबगृहाचा कारभारी. टेक्लाने धुतलेली दुपटी अंगावर घेऊन वाढलेला.

टेक्लाने जन्मभर गावाचं धुणं धुतलं. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडूनसुद्धा. आता बोटं वळत नव्हती, आणि घरमालकाला महिनाअखेर खोली रिकामी हवी होती. गरीबगृह हाच आसरा होता. पण तिथे नाव लागलं की मताचा हक्क जायचा, आणि रविवारी स्वीडनच्या बायका संसदेसाठी पहिल्यांदाच मत देणार होत्या.

"मत टाकते, मग येते."

"तुझ्या एका मतानं स्टॉकहोम हलणारेय का?"

"मग तुझं दे की सोडून!"

वाल्फ्रिडला हसू आलं. "अगं, आपण स्वीआंची, त्या जुन्या स्वीडिश टोळीची लेकरं. आपले पूर्वज माळावर जमून राजा निवडायचे, नाही पटला तर हाकलायचे. आपल्या रक्तातच आहे ते. एका कागदाचं काय घेऊन बसलीस?"

"आणि तेव्हा त्यांच्या बायका काय करत होत्या?"

"असतील घरी."

"त्यांचे सदरे धूत होत्या, मेल्या! दार लाव, ऊब जातेय."

चुलीलगतची खोली हुल्डाला मिळाली. टेक्लाला वाईट वाटलं, फारच वाटलं. पण म्हणून तिचा निर्धार ढळला नाही.

रविवारी काळा रुमाल बांधून, बोचकं काखोटीला मारून ती शाळेत पोचली. टेबलाशी यादी घेऊन वाल्फ्रिडच बसला होता. रांगेत तिच्यापुढे जमीनदार होता, मागे त्याचा गडी. वाल्फ्रिडने तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. गावाने ते तिच्या लग्नानंतर आजच ऐकलं. वाकड्या बोटांनी तिने पाकीट पुढे केलं, ते पेटीत पडेपर्यंत नजर हलवली नाही.

मतदान आटोपून वाल्फ्रिड बाहेर आला, तर ती पायरीवर बसलेली.

"आता कुठली खोली उरलीय?"

"उत्तरेची. वारा लागतो फार," तो ओशाळून म्हणाला.

"तळ्यावर काय कमी लागायचा?"

गरीबगृह टेकाडापलीकडे होतं. वाल्फ्रिडने बोचक्याला हात घातला.

"राहू दे," टेक्ला म्हणाली. "दारापर्यंत माझं मी नेते."