शेवंतीवहिनींचं हळदीकुंकू

आम्ही दहशतवादी होणार, हे मला माझ्या नवऱ्यानं चहा पिताना सांगितलं. दोन हजार सहाची संक्रांत तोंडावर होती.

झालं काय, तर आमच्या पाणी चळवळीनं आमदार बाबाजीशेठची गाडी अडवली होती. शेठ चिडले, आणि त्यांनी विधानसभेत मांडायला कायदाच तयार केला: रस्ता अडवणारी चळवळ दहशतवादी ठरवायची. पेपरात आमचं नावसुद्धा छापून आलं. आता बोला! इंद्रलोक, नया नगर असल्या साध्या वस्त्यांमधल्या बायका आम्ही. शस्त्र काय, तर रिकामा हंडा!

"मृणाल, सोड ते सगळं," दशरथ म्हणाला. "मी सरकारी नोकर. बायको दहशतवादी निघाली तर घरीच बसवतील मला."

मला रडूच आलं. त्याचं चुकत नव्हतं. पण भांडून भांडून नळाला अर्धा तास पाणी आणलं होतं आम्ही, ते काय सोडायला?

डोळे पुसून मी तो पेपर पुन्हा नीट वाचला आणि ताडकन उठले. संध्याकाळपर्यंत घरोघर निरोप गेला.

शेठच्या बायकोचं, शेवंतीवहिनींचं, दर संक्रांतीला आमच्या बिल्डिंगसमोरच्या मैदानात हळदीकुंकू असतं. बायका खूश तर मतं पक्की, असा शेठचा हिशोब. त्या दिवशीही मांडव सजला, वाणाचे स्टीलचे डबे रचले. आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो आणि मांडवाबाहेरच उभ्या राहिलो.

वहिनी मूळच्या घोडबंदरच्या. करंडा घेऊन तरातरा आल्या. "काय गं, आत येत न्हाय म्हंजे?"

"तुमच्याच काळजीनं, वहिनी," मी म्हटलं. "साहेबांच्या कायद्यात कलम आहे. दहशतवाद्याला खाऊ घातलं, वस्तू दिली, तर देणाराही आत. आम्हाला तिळगूळ दिलात तर उद्या तुम्हालाच उचलतील."

वहिनी गर्रकन वळल्या. स्टेजवर शेठ हार सावरत बसले होते.

"अहो! खरं हाय का हे?"

"अगं, कायदा झालाय कुठे अजून? नुसता मसुदा आहे..."

"मसुदा गेला चुलीत!" वहिनींनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात डबा कोंबला. "घ्या, केला गुन्हा! आता पोलिसांना तरी बोलवा, न्हायतर माईकवर सांगा कायदा मांडनार न्हाय म्हणून. बघताय काय?"

बायका अशा हसल्या की मांडव हलला. शेठनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, घाम पुसला आणि माईक ओढला.

"तो कायदा मी मांडणार नाही!"

कर्ण्यातून आवाज अख्ख्या इंद्रलोकभर गेला. मी वर पाहिलं. आमच्या गॅलरीत दशरथ उभा होता. चार दिवस 'सोड, सोड' करून माझं डोकं खाणारा माझा सरकारी नवरा! त्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की स्टेजवर शेठसुद्धा दचकले.