खोटं वर्तुळ

शिंप्याला आपल्या नजरेचा भारी गर्व होता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत तो त्याच्या कमरेचं माप सांगायचा, आणि फीत लावली की निघायचंही तेवढंच. हरवलेल्या माणसांना शोधणाऱ्या पथकात नाव घातलं तेव्हा त्याला वाटलं, पावलांचे ठसे ओळखणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ.

शिकवणाऱ्या बाई वनखात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी त्याला एक काठी दिली. तिच्यावर दोन रबरी कडी, एक पावलाची लांबी दाखवणारं, दुसरं दोन पावलांमधलं अंतर. शेवटच्या ठशाशी काठी धरून पुढे फिरवायची. पुढची टाच त्या कमानीतच कुठेतरी असणार. दिसली की भोवती काठीच्या टोकाने वर्तुळ काढायचं आणि मगच पाय उचलायचा.

"आणि नाही दिसली तर?" त्याने विचारलं होतं.

"तर नाही दिसली म्हणायचं. त्यात कसली लाज?"

शिंप्याला नेमकी त्याचीच लाज वाटायची. दोन महिन्यांच्या सरावात तो एकदाही तसं म्हणाला नव्हता.

मग एका रविवारी सकाळी खरंच बोलावणं आलं. एक म्हातारे मास्तर पहाटे फिरायला गेले होते ते परतलेच नव्हते. विसरभोळे, त्यात जवळ ना पाणी ना औषध. ऊन चढायच्या आत सापडायला हवे होते. मुलीने त्यांचे जुने बूट आणून तळ दाखवला.

कच्च्या रस्त्यावर ठसे अगदी स्वच्छ. शिंपी पुढे, बाई आणि पथकातला बेकरीवाला दोन बाजूंना जरा मागे, त्यांच्या मागून मुलगी हाका मारत. पंचवीसेक वर्तुळं झाली आणि रस्त्याला फाटा फुटला. डावीकडे दगडाची खाण, उजवीकडे कालवा. माती इथे कडक होती. शिंपी उत्साहाच्या भरात काठी न फिरवताच पुढे सरकला, आणि पाय उचलून बघतो तर ठसा त्याच्याच बुटाखाली चिरडलेला. टाचेची जेमतेम कड उरली होती.

बाई मागे पाणी पीत होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. त्याचे कान तापले. "बाई, माझा पाय पडला," हे शब्द ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. कालव्याच्या वाटेवर एक पुसट खळगा दिसला. त्याने त्याच्याभोवती वर्तुळ काढलं.

"हा बघा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, बाई! माझी नजर आहे."

बाईंनी विश्वास ठेवला. खाणीकडे निघालेल्या दुसऱ्या तुकडीलाही त्यांनी वायरलेसवरून कालव्यावर बोलावून घेतलं. पुढे शिंप्याला शेळीच्या खुरातही टाच दिसू लागली, दिसायलाच हवी होती. दोन तास तो वर्तुळं काढत राहिला. ऊन डोक्यावर आलं. मुलगी काठावरून पाण्यात डोकावून बघू लागली तेव्हा मात्र त्याने काठी खाली ठेवली.

"बाई, हे ठसे नाहीत. फाट्यावर मीच तुडवला. तिथून पुढचं सगळं खोटं आहे."

बाईंनी लगेच वायरलेस उचलला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सगळ्यांना फाट्यावर परत बोलावलं, तिथे पालथं पडून उरलेली कड निरखली आणि खाणीकडे हात केला.

अर्ध्या तासात मास्तर सापडले. उतरणीवर दगडाला टेकून बसलेले, घोटा मोडलेला, ओठ फुटलेले, पण शुद्धीवर. शिंप्याने स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरला. मुलगी बापाचा हात धरून बाजूने चालत होती.

"तुझ्या हाका ऐकल्या मी सकाळी," मास्तर म्हणाले. "अगदी जवळ आल्या होत्या. मी ओ दिली, पण आवाजच फुटेना. मग हाका लांब लांब गेल्या. म्हटलं, कंटाळली असेल पोर. गेली घरी."

"नाही हो बाबा!" तिला रडू फुटलं. "माझंच चुकलं. मी इकडे यायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," शिंपी मान खाली घालून म्हणाला. "ठसा माझ्या पायाखाली गेला आणि मी ते लपवलं. तुम्हाला तिकडे मी नेलं."

ती थांबली. मग पुढे येऊन तिने त्याच्या हातातला दांडा काढून घेतला, आणि तो वाटेच्या कडेला उभा राहिला.